मुंबईत मुनिया पाहायच्या असतील तर आधी गवत शोधावे

सप्टेंबरच्या अखेरीस पावसाने चार दिवस उघडीप दिली की आरे वसाहतीतील रस्त्याकडेचे गवत छातीएवढे उंच झालेले असते आणि त्याचे तुरे नुकतेच हिरव्याचे पिवळसर होऊ लागलेले असतात. अशा गवताजवळ दहा मिनिटे स्वस्थ उभे राहिल्यास वारा नसतानाही एखादी काडी हळूच वाकताना दिसते. त्या काडीच्या टोकाकडे दुर्बीण लावावी. चिमणीहून लहान, चॉकलेटी गळ्याचा आणि पोटावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असलेला एक पक्षी दोन्ही पायांनी काडी घट्ट धरून तुऱ्याकडे सरकत असतो. त्याच्या भाराने काडी झुकते तसा तोही आडवा होत जातो, पण पकड सोडत नाही. तुऱ्यातला दाणा खुडून तो जाड, तिकोनी चोचीत फिरवतो आणि टरफल चोचीच्या कडेने बाहेर टाकतो. चांगल्या उजेडात ती टरफले भुशासारखी खाली झरताना दिसतात, एखादे चोचीलाच चिकटून राहते. ही ठिपकेवाली मुनिया होय. मुंबईत रानातल्या फिंच पाहण्याची सुरुवात करायची तर ती हिच्यापासूनच करावी.

येथे नावांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. फिंच म्हटले की बहुतेक मुंबईकरांना पाळीव पक्ष्यांच्या दुकानातला, लाल चोचीचा झेब्रा फिंच आठवतो. तो मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा असून आपल्या रानाशी त्याचा संबंध नाही. त्याच्याच शेजारच्या पिंजऱ्यात बंगाली फिंच नावाचा पांढरा-तपकिरी पक्षी असतो. तो मात्र पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून माणसाने पिढ्यानपिढ्या पाळून तयार केलेला आहे, आणि त्या जातीची मुनिया आजही बोरिवलीच्या जंगलात मोकळी हिंडते. शास्त्रीय वर्गीकरणात खऱ्या फिंचांचे कुळ वेगळे आणि मुनियांचे वेगळे. खऱ्या फिंचांपैकी कॉमन रोझफिंच हा पाहुणा हिवाळ्यात उत्तरेकडून खाली उतरतो आणि सह्याद्रीच्या आसपास अधूनमधून दिसतो, परंतु त्याच्या भरवशावर मुंबईत सकाळ काढणे शहाणपणाचे नाही. म्हणून या लेखात फिंच म्हणजे मुनिया, किंवा जुन्या मराठी नावाने मनोली, असेच समजावे.

मुनिया हा जवळजवळ सर्वस्वी दाण्यांवर जगणारा पक्षी आहे. एवढी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली तर पुढचे अर्धे काम सोपे होते. फळझाड वर्षानुवर्षे एका जागी उभे असते, त्यामुळे बुलबुल किंवा तांबट कोठे सापडेल हे ठरलेले असते. गवताचे तसे नाही. ते आज पिकते, पंधरा दिवसांत झडते, मध्येच कोणी कापून नेते, आणि थवा त्याच्या मागोमाग जागा बदलतो. माझ्या पहिल्या हंगामात मला हे उमगले नव्हते. थवा उडाला की मी त्याच्या मागे, तो पुन्हा उडाला की पुन्हा मागे, असा आरेत पाऊण तास चिखल तुडवल्यावर गवताचा भारा बांधणारी एक मावशी शेवटी म्हणाली, “अहो, त्यांच्या मागं काय पळता? इथंच बसा की. गवत सोडून जातात कुठं त्या?” मी संकोचून तिथेच एका दगडावर बसलो. वीस मिनिटांत तोच थवा त्याच गवतात परत आला. तेव्हापासून मी पक्षी शोधणे सोडून दिले आणि गवत शोधू लागलो.

गवत कसे निवडावे, हे शिकण्यासाठी वनस्पतिशास्त्र येण्याची गरज नाही. तुरा दोन बोटांत धरून एक दाणा नखाने दाबावा. आत पांढरे दुधासारखे काही निघाले तर दाणा चिकात आहे, असे शेतकरी म्हणतो, आणि मुनियांना हा अर्धवट पिकलेला मऊ दाणा फार आवडतो. दाणा कडक झाला असला तरी तुऱ्यात टिकून असेल तर थवा येतोच. तुरा हातावर झटकल्यावर नुसता भुसा पडू लागला म्हणजे मात्र त्या जागेचा हंगाम संपला असे समजून पुढे जावे. गिनी गवत, सावा, गुरांसाठी लावलेले पॅरा गवत, पाड्यांच्या आसपासचे भाताचे तुकडे आणि क्वचित नाचणी ही सगळी या पक्ष्यांची ताटे आहेत. कुसळी गवताच्या माळावर त्या मानाने वर्दळ कमी, पण त्याच्या कडेच्या बारीक, आखूड गवतात जमिनीवर उतरून दाणे टिपणाऱ्या मुनिया पुष्कळदा सापडतात.

मुंबई आणि परिसरात अशा जागा अजून बऱ्याच आहेत. 1949 साली गोठे शहराबाहेर नेण्यासाठी वसवलेल्या आरे दुग्ध वसाहतीत वैरणीसाठीच गवत वाढवले गेले, त्यामुळे म्हशींसाठी केलेल्या सोयीचा लाभ मुनियांनाही आयता मिळाला. नवख्याने येथूनच आरंभ करावा. गोरेगाव स्थानकावरून बस किंवा रिक्षाने सहज जाता येते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे 104 चौरस किलोमीटर आहे, पण त्यातले घनदाट जंगल आपल्या कामाचे नाही. रस्त्याच्या कडा, ओढ्याकाठची मोकळी जागा आणि झाडी संपून गवत सुरू होते तो पट्टा एवढेच पाहावे. पांढऱ्या पाठीची मुनिया अशाच ठिकाणी, बांबूच्या आसपास भेटते. उद्यान सोमवारी बंद असते, हे विसरून फाटकापर्यंत जाऊन परतलेल्यांत मीही आहे. खाडीकडे वळल्यास भांडुप पंपिंग स्टेशनचा परिसर आणि पलीकडे उरण येथे पाणथळ गवत व लव्हाळी आहेत, आणि तिरंगी मुनिया व लाल मुनिया पाहायच्या तर तिकडेच जावे लागते. फ्लेमिंगो पाहणाऱ्याला भरती-ओहोटीचे वेळापत्रक खिशात ठेवावे लागते, मुनिया पाहणाऱ्याची त्यातून सुटका आहे. कर्नाळा अभयारण्य सुंदर आहे खरे, परंतु केवळ मुनियांसाठी तेथवर जाण्याचे कारण मला दिसत नाही.

वेळ सकाळची. सूर्योदयानंतर पहिले दोन तास उत्तम, आणि दुपारी चारनंतरचा दीड तास दुसऱ्या क्रमांकाचा. मुंबईत जूनच्या प्रारंभी सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीच्या मध्यावर सव्वासात होतात, म्हणून हिवाळ्यात पहिली लोकल पकडण्याची घाई करू नये. अंधारात जाऊन मिळणार काहीच नाही. मुनिया उजाडल्यावरच दाण्याला लागतात, आणि आरे असो की राष्ट्रीय उद्यान, पहाटेच्या गवतात बिबट्याचा वावर असतो. चांगले फटफटल्यावर, शक्यतो दोघांनी मिळून, रस्त्यापासून फार आत न शिरता बसावे. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यात गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालावेत, कारण साप, गोचीड आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या तापाचा धोका असलेले साचलेले पाणी हे तिन्ही एकाच गवतात असतात. घरी आल्यावर पोटऱ्या आणि कमरेचा पट्टा लागतो तो भाग तपासून पाहावा.

बसण्याची जागा निवडताना सूर्य पाठीशी येईल असे पाहावे. तपकिरी पक्षी उजेडाच्या विरुद्ध बाजूने पाहिला तर सगळ्या जाती सारख्याच काळ्या दिसतात, आणि मुनियांमध्ये ओळख पटते ती तपकिरीच्या छटांवरूनच. गवतापासून पंधरा-वीस मीटर अंतर पुरेसे आहे. त्याहून जवळ सरकण्याचा मोह होतो, पण पहिल्या अर्ध्या तासात तो आवरावा. उभे राहण्यापेक्षा बसावे, आणि पाठीमागे झाड, कुंपण किंवा बांध असावा, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर आपली आकृती उठून दिसत नाही. कपडे मळखाऊ रंगाचे असावेत. पांढरा सदरा आणि पिवळा रेनकोट हे दोन्ही घरी ठेवावेत. साधी काळी छत्री मात्र उपयोगी पडते, कारण तिच्याखाली बसलेला माणूस आपले हात कोठे हलवतो हे पक्ष्याला नीट दिसत नाही. थवा येऊन गवतात उतरला की लगेच दुर्बीण उचलू नये. पहिला मिनिटभर तो सावध असतो. एखादा पक्षी उंच काडीवर चढून इकडे तिकडे पाहतो, शेपटी आणि पंख चटचट झटकतो, मग खाली उतरतो. सगळे खाण्यात गुंतले की त्यांचे पंख-शेपटीचे झटके कमी होतात, असा माझा अनुभव आहे. दुर्बीण तेव्हा उचलावी.

दुर्बीण आठ पटीची घ्यावी. 8 बाय 42 हा आकार, म्हणजे आठ पट आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर, या कामाला योग्य आहे. दहा पटीत पक्षी मोठा दिसतो हे खरे, पण हाताचा कंपही तेवढाच मोठा होतो, दृश्याची रुंदी घटते, आणि हलणाऱ्या शंभर काड्यांमधून हवी ती काडी सापडेपर्यंत पक्षी खाली उतरलेला असतो. कॅमेरा पहिल्या हंगामात नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते अनेकांना रुचत नाही. कॅमेरा हाती असला की मनुष्य पक्षी काय करतो आहे याऐवजी तो मोकळ्यावर कधी येतो याची वाट पाहत राहतो.

आता ओळख. ठिपकेवालीचे वर्णन वर आलेच आहे. तिचे पोट आणि गळा पाहिला की शंका उरत नाही. पांढऱ्या कंठाची मुनिया फिकट, मातकट रंगाची असते, तिची चोच चांदीसारखी राखाडी आणि शेपटी काळी, लांब व टोकदार असते. ती कोरड्या, उघड्या माळावर आणि काटेरी झुडपांत अधिक दिसते. पांढऱ्या पाठीची मुनिया गडद तपकिरी असते. या दोघी उडताना पाठीमागे शेपटीच्या वर पांढरा डाग दाखवतात आणि त्यामुळे घोटाळा होतो. पण अंग फिकट असून डाग पांढरा असेल तर पहिली, आणि अंग काळसर असून डाग पांढरा असेल तर दुसरी, एवढे लक्षात ठेवले की पुरते. तिरंगीचे डोके काळे कुळकुळीत, पाठ विटकरी आणि पोट पांढरे, त्यात मध्ये काळा पट्टा असतो, ती एकदा पाहिली की कोणी विसरत नाही. लाल मुनियेचा नर पावसाळ्याच्या सुमारास लालभडक होतो आणि त्यावर पांढरे बारीक ठिपके खुलतात. या सगळ्यांत तीच लहान, जेमतेम दहा सेंटीमीटरची. वीण संपली की हा रंग उतरतो आणि नर मादीसारखा फिका दिसू लागतो, तेव्हा लाल चोच आणि शेपटीच्या बुडाशी असलेला लाल रंग या दोन खुणांवर विसंबावे. या पक्ष्याच्या इंग्रजी नावाचे मूळ अहमदाबाद शहराच्या नावात आहे, कारण पिंजऱ्यातल्या व्यापारासाठी तो एके काळी तेथून परदेशी जात असे.

खरी फजिती करतात ती पिल्ले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थव्यात अर्ध्याहून अधिक पक्षी साधे, खाकी, कोणतीही नक्षी नसलेले दिसतात आणि नवखा निरीक्षक ही काही निराळीच जात आहे असे समजून पुस्तक चाळत बसतो. ठिपकेवालीच्या त्या वर्षीच्या पिल्लांच्या पोटावर खवले नसतात. अशा वेळी पक्षी एकटा न पाहता त्याच्या शेजारी कोण बसले आहे ते पाहावे. खवलेवाले मोठे पक्षी त्याच काडीवर असतील, किंवा तो पक्षी पंख फडफडवत, मान वाकडी करून मोठ्याकडे दाणा मागत असेल, तर कोडे सुटले. अंगावर अर्धेमुर्धे खवले उगवलेला पक्षी दिसला तर तो अवश्य टिपून ठेवावा, कारण पिसे बदलण्याचा काळ त्यावरून कळतो.

आवाजावरून शोध घेणे येथे फारसे साधत नाही. थवा आपापसांत बारीक, किणकिणता आवाज करीत राहतो, आणि तो ऐकू आला तर उत्तमच. ठिपकेवालीचे गाणे मात्र इतके हलके असते की नर समोर बसून मान ताठ करून, चोच हलवीत गात असला तरी काही पावलांवरून ऐकू येत नाही. विशेष म्हणजे दुसरी एखादी मुनिया त्याच्या अगदी जवळ येऊन, मान पुढे करून, कान दिल्यासारखी बसून राहते. मी हे दुर्बिणीतून प्रथम पाहिले तेव्हा पक्षी आजारी आहे की काय, अशी शंका मला आली होती. खाणे आटोपल्यावर थवा जवळच्या झुडपात एकमेकांना चिकटून विसाव्याला बसतो, तेव्हा हा प्रकार पाहायला मिळण्याचा संभव अधिक. म्हणून थवा गवतातून उठला की निघून न जाता आजूबाजूची बोर, घाणेरी, बाभूळ निरखावी.

घरट्यांचा काळ मुख्यतः पावसाळ्याचा. लांबलचक पाते एका टोकाला चोचीत धरून, ते मागे शेपटासारखे लोंबत असताना उडणारी मुनिया दिसली तर घरटे बांधणे चालू आहे असे समजावे. घरटे म्हणजे गवताचा ओबडधोबड चेंडू, आणि दार एका बाजूला. सुगरणीच्या खोप्याशी त्याची तुलना केली तर मुनिया अगदीच फूहड ठरेल. तो खोपा विणणारा नर असतो आणि तरी मराठीने त्याला सुगरण म्हटले, ही गंमत निराळी. अलिबागजवळच्या किहीम येथे सालिम अलींनी 1930 च्या सुमारास सुगरणीच्या विणीचे जे निरीक्षण केले, त्यातून एक नर एकामागून एक खोपे बांधून अनेक माद्यांशी घरोबा करतो हे उजेडात आले. मुनियांमध्ये नर-मादी दोघेही घरट्याला आणि अंड्यांना वेळ देतात. पांढऱ्या कंठाची मुनिया तर अनेकदा सुगरणीचे जुने, टाकून दिलेले खोपेच वापरते. त्यामुळे सुगरणीची वसाहत ओस पडली तरी तिकडे फिरकणे सोडू नये.

घरटे सापडले तर त्याच्यापासून दूर राहावे, आणि हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, चूक केली म्हणून सांगतो. एका ऑगस्टमध्ये छायाचित्रासाठी मी एका घरट्यासमोरच्या दोन फांद्या बाजूला केल्या. जोडी चोचीत गवत घेऊन समोरच्या तारेवर वीस मिनिटे बसून राहिली, आत गेली नाही. दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी ते घरटे उसकटलेले होते. फांद्यांची आडोसा देणारी पाने हे त्या घरट्याचे खरे दार होते आणि ते मीच उघडून ठेवले होते. घरट्याजवळ ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नये, आणि घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये.

ज्यांना आरे-भांडुप शक्य नाही, त्यांच्यासाठी मुंबईत एक निराळी सोय आहे. इमारतींच्या खिडक्यांच्या ग्रिलमध्ये ठेवलेल्या दाट कुंड्यांत, विशेषतः मोरपंखी आणि अरेका पामच्या झाडांत, ठिपकेवाली मुनिया घरटी बांधते. असे घरटे घरात आले तर पडदा अर्धा ओढून घ्यावा, त्या खिडकीतला दिवा रात्री लावू नये, कुंडीला पाणी घरट्यावर न शिंपडता बुंध्याशी घालावे, आणि खुर्ची खोलीच्या आतल्या बाजूला टाकून बसावे. अंडी उबवण्यास साधारण दोन आठवडे लागतात. पक्ष्यांसाठी म्हणून बाल्कनीत बाजरी मात्र ठेवू नये. मुंबईत बाल्कनीत ठेवलेला दाणा कबुतरांच्याच पोटात जातो, आणि मग मुनिया त्या बाजूला फिरकतही नाहीत. त्यापेक्षा एक पसरट कुंडी घेऊन त्यात गवत वाढू द्यावे आणि तुरे आले तरी कापू नये.

वहीत काय लिहावे? तारीख, वेळ आणि जागा तर लिहावीच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पक्षी कोणत्या गवतावर होता, दाणा चिकात होता की वाळलेला, थव्यात खवलेवाले किती आणि साधे किती. थवा मोजताना दहा पक्षी नीट मोजून तेवढ्या पुंजक्याचा आकार डोळ्यांत भरून घ्यावा आणि असे पुंजके किती ते मोजावे. नोंदी ई-बर्ड या पक्षिनिरीक्षकांच्या संकेतस्थळावर टाकल्यास त्या इतरांनाही उपयोगी पडतात. दोन हंगामांच्या नोंदी जमल्या की आपल्या भागातले कोणते गवत कोणत्या आठवड्यात पिकते याचा अंदाज येऊ लागतो, आणि मग खेप सहसा वाया जात नाही.

गवतात बारीक जाळी ताणलेली किंवा काठ्यांना चिकट पदार्थ लावलेला आढळला तर ते पक्षी पकडणाऱ्यांचे काम आहे असे समजावे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा असून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर 1990-91 पासून पूर्ण बंदी आहे, तरीही मुनिया पकडल्या जातात, आणि फिक्या पक्ष्यांना हिरवा-तांबडा रंग फासून त्या विकल्याही जातात. स्वतः जाळी काढण्याच्या भरीस न पडता जागा लक्षात ठेवून वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

डिसेंबरनंतर गवत कापले जाते, उरलेले वाळते, काही ठिकाणी पेटवलेही जाते, आणि मार्च-एप्रिलमध्ये मुनिया मुंबई सोडून गेल्या की काय असे वाटू लागते. त्या गेलेल्या नसतात, विखुरलेल्या असतात. कोरड्या दाण्यांवर जगणाऱ्या पक्ष्याला रोज पाणी लागते, आणि उन्हाळ्यात पाण्याची ठिकाणे थोडी असतात. अशा वेळी गवताचा नाद सोडून गळणाऱ्या पाइपाखालचे डबके, गोठ्यामागचा ओलसर चर किंवा झऱ्याचा उरलेला एखादा पाझर हेरावा आणि सकाळी नऊच्या आत त्याच्यासमोर जाऊन बसावे. आधी चिमण्या येतील, मग बुलबुल. मुनिया सहसा शेवटी येतात, चार-पाचच्या गटाने, काठावरच्या काटक्यांवर उतरून, एक एक करून पाण्याशी जातात आणि अर्ध्या मिनिटात परत काटकीवर असतात.